घरी दोन आया: साडेपाच वर्षांच्या मुलीला वाचून दाखवायला मराठीत चित्रांचं पुस्तक आहे का?

शाहूपुरी_सातारा

नमस्कार मंडळी. नेहमी इथं नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच काही विचारतेय, पोस्ट लांबलीय सांभाळून घ्या.

माझी मावसबहीण नेदरलँड्सला असते, आयंडहोवनला, नऊ वर्षं झाली. तिचं लग्न तिथल्याच एका मुलीशी झालंय, रीतसर, तिकडं ते २००१ पासून कायद्यानं होतं. त्यांना चार वर्षांचा मुलगा आहे, आपण त्याला छोटू म्हणू. घरात सगळ्यांना माहितीय पण बोलत कुणी नाही. मावशी अजून "ताईची मैत्रीण" म्हणते आणि त्याच मैत्रिणीला दर वर्षी थंडीच्या आधी लोकरीचा स्वेटर विणून पाठवते, आता बोला. तर दिवाळीत तिघं येतायत, पहिल्यांदाच, आणि चार दिवस आमच्याकडं राहणार.

माझी मुलगी साडेपाच वर्षांची. व्हिडिओ कॉलवर छोटूला बघते, दोघं एकमेकांना खेळणी दाखवतात, भाषेचं काही अडत नाही. परवा फोन ठेवल्यावर तिनं विचारलं, आई, छोटूच्या घरी आईच आई आहेत मग गाडी कोण चालवतं? (आमच्याकडं हेच चालवतात, माझं लायसन कपाटात आहे, तो वेगळा विषय.) मी म्हटलं दोघी चालवतात. ती म्हणाली बरं. संपलं तिचं. पण सासऱ्यांनी पेपरातनं मान वर काढून माझ्याकडं बघितलं आणि परत पेपरात घातली. काही बोलले नाहीत. ते रिटायर्ड मराठीचे शिक्षक आहेत, न बोलता बोलायची सवय आहे त्यांना.

म्हणून वाटलं एखादं चित्रांचं पुस्तक मिळालं तर बरं, पोरीलाही कळेल आणि हॉलमध्ये मोठ्यानं वाचलं की बाकीच्यांच्याही कानावर पडेल. एका दुकानात विचारलं तर "अशी पुस्तकं आपल्याकडं नसतात ताई" म्हणून ससा-कासव काढून दिलं. मग ऑनलाइन एक इंग्रजी मागवलं, 'मॉमी, मामा अँड मी', जाड पुठ्ठ्याचं, चित्रं गोड आहेत, बाळाला दोघी आंघोळ घालतात वगैरे. मी वाचतेय मॉमी, मामा, आणि ही प्रत्येक पानावर शोधतेय, "मामा कुठाय?" शेवटी म्हणाली मामा ऑफिसला गेला असणार. तिला दोन मामा आहेत, दोघांनाही मिश्या आहेत, तिची काय चूक.

तर प्रश्न दोन. मराठीत असं काही आहे का. आणि दुसऱ्या आईला मराठीत म्हणायचं काय?

आधी_चहा

मराठीत तरी माझ्या बघण्यात नाही. मामा ऑफिसला गेला असणार 😂 मी खरंच ऑफिसात वाचतोय हे, शेजारच्यानं विचारलं काय झालं, काय सांगणार.

पुस्तकवेडी_मिरज

मराठीत छापलेलं, दोन आया किंवा दोन बाबा असलेलं चित्रपुस्तक मलाही सापडलेलं नाही, आणि मी शोधलंय कारण माझ्या भाचीच्या शाळेत यावरनं एकदा वाद झाला होता. बाहेरची बरीच आहेत, त्यातली कुठली कामाची आणि कुठली नाही ते सांगते.

सगळ्यात जास्त नाव ऐकाल ते 'हेदर हॅज टू मॉमीज', १९८९ चं, लेस्लिआ न्यूमन यांचं, तुम्ही मागवलेलं पण त्यांचंच आहे. त्याची जन्मकथा मला पुस्तकापेक्षा आवडते. त्या राहायच्या त्या गावात एका बाईनं त्यांना रस्त्यात थांबवून सांगितलं की आमच्यासारख्या घराचं एकही पुस्तक नाही, पोरीला काय वाचून दाखवू, कुणीतरी लिहा की. म्हणजे थोडक्यात तुमचीच पोस्ट. प्रकाशक कुणी हात लावेना, तेव्हा लोकांकडनं १०-१० डॉलर जमवून मैत्रिणीच्या मदतीनं काढलं. पण पहिल्या आवृत्तीत मूल कसं झालं, डॉक्टरांकडं काय केलं, हे सगळं होतं आणि ते पोरांना नकोच असतं, पुढच्या आवृत्तीत काढून टाकलं. २०१५ ला नवीन चित्रांसकट परत आलं. माझं मत विचाराल तर थोडं समजावण्याच्या सुरात जातं.

त्यापेक्षा 'अँड टँगो मेक्स थ्री' (२००५) घ्या. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात रॉय आणि सायलो नावाचे दोन नर पेंग्विन होते, खरेखुरे. जोडीनं राहायचे, घरटं केलं, आणि अंडं नाही म्हणून अंड्यासारखा दगड आणून त्याच्यावर आळीपाळीनं बसायचे. तिथल्या माणसानं ते बघून एक खरं अंडं त्यांच्या घरट्यात ठेवलं, त्यातनं पिल्लू आलं, तिचं नाव टँगो. बस एवढीच गोष्ट. कुणी कुणाला समजावत नाही. (खऱ्या आयुष्यात पुढं सायलो एका मादीबरोबर गेला, ते पुस्तकात नाही आणि तुम्हीही सांगू नका.) आता एवढ्याशा पेंग्विनवरनं अमेरिकेत वर्षानुवर्षं तक्रारी, लायब्ररीतनं काढा म्हणून. सिंगापूरला तर २०१४ साली सरकारी लायब्ररीनं हे आणि अजून दोन पुस्तकं काढली, बोंबाबोंब झाल्यावर दोन मोठ्यांच्या विभागात ठेवली पण तिसऱ्याचा तोवर लगदा झालेला. त्या तिसऱ्याचा विषय काय, तर कुटुंबं किती प्रकारची असतात!

बहिणीला सांगून 'किंग अँड किंग' आणायला लावा, ते मुळातच डच आहे, २००० सालचं, छोटूच्या घरी असेलही. राणी राजपुत्राच्या मागं लागते लग्न कर, एकेक राजकन्या बघायला येते, ह्याला कुणी पटत नाही, आणि शेवटच्या राजकन्येबरोबर तिचा भाऊ आलेला असतो. कांदेपोहे आपल्याला नवीन नाहीत, त्यामुळं पोरीला झटकन कळेल.

भारतातलं म्हणाल तर अमेय नारवणकर यांचं 'रितू वेड्स चांदनी', २०२०. लग्नाला आलेली छोटी आयेशा, ताईच्या वरातीत नाचायचंय तिला आणि लोक वरात अडवतात. हे दोन बायकांच्या लग्नाचं आहे, आयांचं नाही, पण छोटू यायच्या आधी वाचायला छान. तुलिका प्रकाशनाचं 'गुठली हॅज विंग्ज' पण कुणीतरी सुचवेल, ते फार सुंदर आहे पण विषय वेगळा, मुलगा म्हणून जन्मलेल्या आणि मी मुलगी आहे म्हणणाऱ्या पोराचा.

आणि पुस्तकांसाठी भिलारला जा असं कुणी सांगायच्या आत, मे २०१७ ला पुस्तकांचं गाव झालं तेव्हापासून मी तिथं दोनदा गेलेय आणि दोन्ही वेळा स्ट्रॉबेरी खाऊन आलेय.

तात्या_वाळवा

ताई राग मानू नका, स्पष्ट लिहितो. पाच वर्षांच्या पोरीला हे सगळं आत्ताच कशाला? मोठी झाली की कळेल तिचं तिला. आपल्याकडं पोरांच्या डोक्यात काय काय भरवायला लागलेत आजकाल. पाहुणे येतील, चार दिवस राहतील, फराळ करतील, जातील. ताईची मैत्रीण म्हणून भागतंय की मावशींचं, मग तुमचं का भागत नाही?

यमुनाकाकू_कोरेगाव

अहो कृष्णाला नव्हत्या का दोन आया, देवकी आणि यशोदा? कार्तिकेयाला तर सहा कृत्तिकांनी वाढवला. तेच सांगा पोरीला, आपल्या गोष्टीत सगळं आहे.

पुस्तकवेडी_मिरज

काकू, गोष्ट गोड आहे पण पोरगी लगेच विचारेल देवकी आणि यशोदा एका घरात का राहत नाहीत. आणि देवकी तुरुंगात होती! चार दिवसांत छोटूला विचारलं तुझी कुठली आई तुरुंगात, तर?

यमुनाकाकू_कोरेगाव

अगंबाई, हे लक्षात नाही आलं.

शाहूपुरी_सातारा

तात्या राग कशाचा, घरात हेच ऐकू येणारे त्याची रंगीत तालीम झाली. पण मी तिच्या डोक्यात काही भरवलेलं नाही हो, ती स्क्रीनवर बघतेय आणि विचारतेय. मैत्रीण म्हणावं तर तो पोरगा स्वतःच्या तोंडानं दोघींना आई म्हणणार, तिच्यासमोर, आमच्याच हॉलमध्ये. मग खोटं कोण पडणार, चार वर्षांचा तो का मी? आणि माझ्या मुलीच्या पण मैत्रिणी आहेत, त्या संध्याकाळी आपापल्या घरी जातात. उद्या तिनं छोटूला विचारलं ही काकू घरी कधी जाणार तर?

कृष्णाकाठचा_गडी

मी सांगलीचा, विश्रामबाग. बोलायचं नव्हतं पण मामा वाचून हसू आवरंना. ताई आमच्या घरात तर दोन मामाच हायेत. मी आणि माझा पार्टनर, अकरा वर्षं झाली एकत्र ऱ्हातोय, त्याचा भाचा आठवीपासनं शिकायला आमच्याकडं हाय, आता अकरावीला. त्याच्या गावाकडं हायस्कूल न्हाय, म्हणून आला तो इथलाच झाला. पहिल्या आठवड्यात त्यानं कुणालाच काय न विचारता ठरवून टाकलं, मोठा मामा आणि धाकटा मामा. मी धाकटा, वयानं मोठा असून. डबा धाकटा मामा करतो, पालक सभेला मोठा मामा जातो कारण त्याला शर्ट इन करायला आवडतं.

शाळेच्या फॉर्मवर गार्डियन म्हणून एकच नाव लिहायला जागा, त्यामुळं कागदावर मी त्या घरात कुणीच न्हाय. तुमच्या बहिणीचं तिकडं दोघींचंही नाव लागत आसंल. आपल्याकडं समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चं भूत सप्टेंबर २०१८ ला उतरलं खरं, पण ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टानं लग्नाचं आम्ही देऊ शकत न्हाय म्हटलं, आणि जोडीनं दत्तक घ्यायचा विषय ३ विरुद्ध २ नं पडला. एकट्यानं दत्तक मिळतं, म्हणजे एक जण बाप आणि दुसरा भाडेकरू. त्यातनं एकट्या पुरुषाला मुलगी द्यायची न्हाय असा नियम. असो, हे पोरीला सांगायची गरज न्हाय, मोठ्यांसाठी लिहिलं.

मोठ्यांवरनं आठवलं. सासऱ्यांसाठी पुण्याच्या समपथिक ट्रस्टच्या बिंदुमाधव खिरे यांची पुस्तकं बघा, मराठीत हायेत, साधी भाषा, मास्तर माणसाला चालतील. मी विशीत असताना हे सगळं मराठीत वाचायला मिळालं तेव्हा पहिल्यांदा कळलं की आपण आजारी न्हाय. आणि सांगलीत असं काय नसतं म्हणणाऱ्यांसाठी, संग्राम संस्था इथं १९९२ पासनं काम करते, त्यांच्यातनंच मुस्कान ही संघटना उभी राहिली आमच्यासारख्यांची. पुण्यामुंबईचं फॅड न्हाय हे.

तात्या, तुम्हाला वाईट वाटावं म्हणून न्हाय विचारत, पण तुम्ही लहान असताना तुमच्या घरात कोण कोण होतं?

तात्या_वाळवा

आई आणि काकी. वडील आणि काका दोघं मुंबईला मिलमध्ये, गणपतीला आणि जत्रंला यायचे. काकीनंच मला मोठं केलं म्हणा, आई रानात असायची. पण ते वेगळं. वडील होते की, महिन्याला मनीऑर्डर यायची.

कृष्णाकाठचा_गडी

वेगळंच हाय, मी कुठं एक म्हटलं. आई आणि काकी जावा होत्या, ह्या दोघी नवराबायकोसारख्या हायेत, सरळ हाय. पण तुम्हाला पोर असताना दोन बायकांच्या हातचं खाऊन काय कमी पडलं का एवढंच विचारायचं होतं.

तात्या_वाळवा

कमी काय पडायचंय. उलट जादा मार पडला.

डॉ_सदरबझार

कमी पडण्यावरनं, एक माहिती म्हणून टाकतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २००२ मध्ये आणि परत २०१३ मध्ये यावर भूमिका घेतलीय, की आईवडील एकाच लिंगाचे असल्यानं मुलांच्या वाढीवर वाईट परिणाम होत नाही, घर स्थिर आहे का आणि नातं कसं आहे यावर सगळं अवलंबून. अशा आयांच्या मुलांचा १९८६ ला सुरू झालेला एक अभ्यास तर मुलं पार मोठी होईपर्यंत चालवलाय. ओपीडी सुरू होतेय, पळतो.

बालवाडीच्या_बाई_कराड

शब्दावर कुणीच बोलेना म्हणून मी बोलते, मूळ अडचण तीच आहे. मी तेवीस वर्षं बालवाडी चालवते. पुस्तकात "दोन आया" लिहिलं की व्याकरण बरोबर, पण आमच्या पोरांना आया म्हणजे पाळणाघरातली नाहीतर दवाखान्यातली बाई. आणि "दोन आई" कानाला चुकीचं लागतं पण पोरं तसंच म्हणतात, त्यांना विचारून बघा.

दुसरं, आईला आईच म्हटलं पाहिजे असं कुठंय? माझ्या वर्गात आजही दोन पोरं आईला वैनी म्हणतात कारण घरात दीर तिला वैनी म्हणतात. माझे मिस्टर वडिलांना दादा म्हणायचे आणि आईला आक्का, आणि आजोबांना बाबा. बाहेरच्यानं ऐकलं तर त्याला वाटेल ह्याला आईबाप नाहीतच. पोराला त्यातलं काही कठीण गेलं नाही कधी. म्हणून तुम्ही डोकं लावून शब्द शोधू नका, छोटू काय म्हणतो ते बहिणीला विचारा आणि तेच पुस्तकात घाला.

पुस्तक तुम्हीच करा. प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर वेबसाइट आहे ना, २०१५ पासनं, फुकट आहे, तिथली चित्रं घेऊन आपला मजकूर मराठीत टाकता येतो. आम्ही वर्गात दरवर्षी "माझं घर" करतो. नमुना म्हणून माधुरी पुरंदऱ्यांचा 'राधाचं घर' हा संच समोर ठेवा, ज्योत्स्ना प्रकाशनाचा. त्यात आई कशी, आजी कशी, कोण काय करतं एवढंच आहे, उपदेश शोधून सापडणार नाही. पानावर एकच वाक्य, आणि त्या वाक्यात कुणीतरी काहीतरी करत असलं पाहिजे. "छोटूला दोन आया आहेत आणि त्या त्याच्यावर खूप प्रेम करतात" असलं लिहिलंत तर पोरगी उठून जाईल. तिनं विचारलं काय होतं, गाडी कोण चालवतं. मग पहिल्या पानावर गाडी.

आधी_चहा

बाई 🙏 ऑफिसातले मेल पण तुम्हीच लिहा आमचे.

शाहूपुरी_सातारा

मंडळी, उशीर झाला, फराळाच्या गडबडीत होते. सांगते काय काय झालं.

बहिणीला फोन करून विचारलं छोटू काय म्हणतो. ती म्हणाली मला आई म्हणतो आणि तिला मामा. मामा!! डचमध्ये आईला मामाच म्हणतात म्हणे. म्हणजे मी जो शब्द टाळायला बघत होते तोच. पोरीला सांगितलं की अगं छोटूच्या त्या दुसऱ्या आईला मामा म्हणतात, तिनं दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाली म्हणजे तिकडं मामा बाई असते. पुढं प्रश्न नाही.

पुस्तक केलं, आठ पानी. स्टोरीवीव्हरवर बसले होते पण हिला तिथली चित्रं पटेनात, छोटूचे केस असे नाहीत म्हणे, मग चित्रं हिचीच. त्यामुळं गाडीला पाच चाकं आहेत. मजकूर बाईंनी सांगितल्यासारखा:

आई गाडी चालवते.
मामा सायकल चालवते. छोटू पुढं बसतो.
आई वरणभात करते. मामा त्यावर चीज घालते. आई ओरडते.
मामा आली की छोटू दाराकडं पळतो.
रात्री दिवा कोण बंद करणार यावर दोघी भांडतात.

(शेवटचं बहिणीनं सांगितलेलं खरं आहे. चीज पण खरं.)

कच्चा कागद मी मुद्दाम टीपॉयवर ठेवून दिला. सकाळी बघते तर लाल पेन. सासऱ्यांनी विषयावर एक अक्षर लिहिलेलं नाही, फक्त शुद्धलेखन. वाक्यांमध्ये पूर्णविराम नीट केलेत, "ओरडते"च्या जागी "रागावते" केलंय आणि "मामा आली" खोडून "मामा आला", "मामा चालवते" खोडून "मामा चालवतो", प्रत्येक ठिकाणी. पोरीनं ते बघितलं आणि कागद घेऊन थेट त्यांच्या खुर्चीपाशी. आजोबा हे चुकलंय, ही मामा बाई आहे. ते म्हणाले मामा पुल्लिंगी आहे. ती म्हणाली छोटूची नाहीये. दोघंही हट्टी, मी स्वयंपाकघरात शंकरपाळ्या तळत कान लावून. नंतर कागद परत आला तेव्हा प्रत्येक "आला" आणि "चालवतो" वर पुन्हा काट, आणि समासात बारीक अक्षरात "पूर्ववत".

"रागावते" मात्र तसंच ठेवलंय त्यांनी.

आता एकच, ही आठ पानं दोन्ही बाजूंनी लॅमिनेट करून स्पायरल कुठं होईल, पोवई नाक्याच्या आसपास? परवा सकाळपर्यंत पाहिजे.

आधी_चहा

झेरॉक्सवाल्यांकडं होतं, पण दिवाळीत अर्धी दुकानं बंद असतात, उद्याच जा. आणि आधी कडा गोल कापून घ्या, लॅमिनेशनची टोकं पोरांच्या डोळ्यात जातात.

तात्या_वाळवा

चीज वरणावर?